दार लावून घेताना

२०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यात वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत ज्यांच्या तीन-तीन पिढ्या गेल्या, ती माणसं चाळीस मजली इमारतीत, ५०० चौरस फुटांच्या घरात राहायला गेली. त्यांतल्या एका ओळखीच्या घरी मी गेलो होतो. यजमानांनी सगळं घर फिरवून दाखवलं. स्वयंपाकघर, बाथरूम, खिडकीतून दिसणारी वरळी. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सगळं झकास आहे हो. फक्त शेजारी कोण राहतं ते अजून कळलं नाही. दार सारखं बंद असतं त्यांचं." आतून वहिनी म्हणाल्या, "आपलं तरी कुठं उघडं असतं?"

आम्ही तिघेही हसलो. पण लिफ्टने खाली येताना ते वाक्य माझ्याबरोबर खाली आलं आणि मला नगरच्या मावशींची आठवण झाली. दार कधी लावावं आणि कशासाठी लावावं, हे मला त्यांनी शिकवलं. आज त्यांच्याविषयी बोलणार आहे. त्यांचं नाव मात्र सांगणार नाही. का सांगणार नाही, ते पुढे येईल.

ज्यांनी बीडीडी चाळ पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचं सरकारी खातं होतं, त्याने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती बांधल्या. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, मधून पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या. एका मजल्यावर वीस, एका इमारतीत ऐंशी. संडास मजल्यावर, सगळ्यांचे मिळून. खोलीच्या कोपऱ्यात मोरी, वर माळा. गिरणी कामगार, पोलीस, पालिकेचे नोकर, कोकणातले, घाटावरचे, बौद्ध, मराठे, थोडे आमच्यासारखे मुसलमान आणि अगदी थोडे ख्रिस्ती. दिवसभर दार लावायची पद्धत नव्हती. दार लावलं तर बाहेरून विचारणा व्हायची, "काय, बरं नाही का कुणाला?"

मावशी आमच्या समोरच्या खोलीत राहायच्या. त्यांचं माहेर अहमदनगरकडचं. तिथल्या मराठी ख्रिस्ती समाजात त्या वाढल्या. सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. रविवारी पांढरं लुगडं नेसून मराठी चर्चला जायच्या. त्यांच्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर भजनं म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तोवर माझी समजूत अशी, की ख्रिस्ती म्हणजे गोव्याचे किंवा वांद्र्याचे, आणि देवाशी इंग्रजीत बोलणारे.

पहाटे साडेचारला पाणी यायचं. त्याआधी मावशी उठलेल्या असायच्या. आमच्याकडे अब्बा तिसऱ्या पाळीवर नसले की फजरच्या नमाजासाठी उठायचे, मलाही उठवायचे. पॅसेजमधून समोर बघितलं की मावशींच्या खोलीचं दार लोटलेलं, आत दिवा नाही. तांदळाच्या डब्याजवळ, भिंतीकडे तोंड करून, डोक्यावर पदर घेऊन त्या बसलेल्या. खोलीत त्यांचा भाऊ, भावजय, मुलं झोपलेली. कुणाला तुडवायला नको म्हणून त्यांची जागा तीच, डब्यापाशी.

मी सातवीत असेन. शाळेतल्या एका ख्रिस्ती मित्राने मला बायबलमधला नवा करार वाचायला दिला होता. त्यात मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, की प्रार्थना करायची तर चारचौघांना दिसावी म्हणून नाक्यावर उभं राहून करू नका. आपल्या आतल्या खोलीत जा, दार लावा आणि जो दिसत नाही त्याच्याशी बोला. मी मोठ्या हुशारीने मावशींना विचारलं, "मावशी, तुमच्या पुस्तकात दार लावायला सांगितलंय. तुम्ही तर नुसतं लोटता. आणि आतली खोली कुठंय तुमच्याकडे?"

मावशी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "बाळा, हा पदर आहे ना, तो पुढे ओढला की झालं दार."

पुढे कळलं, की मूळ ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ कोठीची खोली, धान्य ठेवायची जागा. म्हणजे तांदळाच्या डब्याशेजारी बसणाऱ्या मावशी नकळत अगदी योग्य जागी बसत होत्या.

हा अध्याय म्हणजे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचा मधला भाग. मराठीशी या प्रवचनाचं जुनं नातं आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक अनोळखी युरोपीय प्रवासी भेटला, गप्पा झाल्या, आणि उतरताना त्याने टिळकांना नवा करार भेट दिला. टिळक विद्वान आणि चिकित्सक. पण वाचता वाचता या प्रवचनापाशी आले आणि तिथेच थांबले. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. पुढची काही वर्षं दोघांची ताटातूट झाली.

ज्यांनी 'स्मृतिचित्रे' वाचलं आहे, त्यांना पुढची हकिगत ठाऊक आहे. लक्ष्मीबाई ज्या घरात वाढल्या, तिथे वडिलांचं सोवळं इतकं कडक होतं की मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. मीठ धुतल्यावर काय उरतं, ते आपल्याला माहीत आहे. अशा घरातली ही बाई. तिने जातीचा प्रश्न आपल्याशीच सोडवला. माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसाने, असा विचार तिने स्वतः केला, उत्तर स्वतः काढलं आणि मग कुणाच्याही हातचं खायला ती मोकळी झाली. बाप्तिस्मा त्यानंतर झाला, १९०० साली. म्हणजे बदल आधी मनात, मग चुलीपाशी आणि शेवटी चर्चमध्ये. आपल्याकडे बहुतेक वेळा हा क्रम उलटा असतो. आधी आपण बाहेरची खूण बदलतो. टोपी, टिळा, गळ्यातला क्रूस. आत काय चाललंय ते बघायला मग सवड मिळत नाही.

मावशींच्या फळीवर बायबलशेजारी 'स्मृतिचित्रे' असायचं. त्यांच्याच प्रतीवर मी ते पहिल्यांदा वाचलं. देवाविषयीचं पुस्तक वाचून इतकं हसता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी होते, आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत माझे अब्बा होते. साचेखात्यात काम करायचे. आधी वाटलं, महिनाभरात मिटेल. मग वाटलं, ईदपर्यंत मिटेल. मग कुणी काही म्हणेनासं झालं. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, हे आपल्याला माहीतच आहे. चाळीतल्या निम्म्या खोल्यांतले पुरुष गावी गेले. जे राहिले ते भाजी विकायला लागले, वॉचमन झाले. बायकांचे दागिने आधी गेले, मग भांडी.

आमचं खातं नाक्यावरच्या वाण्याकडे होतं. अब्बा हाताने भुर्जीपावची गाडी लोटायचे, पण त्यात चार मुलांचं भागेना. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते वाण्याकडे मुदत मागायला जायचे. वाणी वहीत बघायचा आणि म्हणायचा, "होईल सावकाश. माल न्या." अब्बा घरी येऊन अम्मीला सांगायचे, "आदमी अच्छा है." दोन वर्षांनी अब्बांना रखवालदाराची नोकरी लागली. पहिल्या पगारातले पैसे घेऊन ते उधारी फेडायला गेले. त्यांच्या हिशेबाने जी रक्कम व्हायला हवी होती, त्याच्या पावपटही वहीत नव्हती. अब्बांनी विचारलं, तर वाणी म्हणाला, "वही माझी आहे ना? मग हिशेबही माझा." अब्बांना वाटलं, त्यानेच सोडून दिलं. मरेपर्यंत ते त्या वाण्याला दुवा देत राहिले असते.

१९९१ साली मी बी.ए. झालो. आमच्या मजल्यावरचा पहिलाच पदवीधर. त्याच सुमारास वाणी दुकान विकून गावी निघाला होता. मी पाया पडायला गेलो, तर म्हणाला, "माझ्या पाया पडू नकोस. तुमच्या समोरच्या सिस्टरबाई दर महिन्याला पगार झाला की तुमच्या खात्यावर पैसे टाकायच्या. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती. आता मी चाललो, म्हणून बोललो."

दोन दिवसांनी इमारतीच्या मंडळाने मुलांचा गुणगौरव ठेवला होता. खाली मांडव, माईक, खुर्च्या. मला नारळ आणि पेन दिलं आणि चार शब्द बोलायला सांगितलं. मी नुकताच कविता लिहायला लागलो होतो, शब्दांची हौस दांडगी होती. मी सगळं सांगून टाकलं. संप, वाणी, वही, मावशी. नाव घेऊन सांगितलं. बायकांनी डोळे पुसले. खूप टाळ्या पडल्या. आयुष्यात मला पडलेल्या त्या पहिल्या टाळ्या.

रात्री मावशींनी बोलावलं. मला वाटलं, पाठीवरून हात फिरवतील. त्या डब्यापाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाळा, मी नऊ वर्षं जपून ठेवलेलं तू पाच मिनिटांत खर्च केलंस."

मी गोंधळून उभा राहिलो. मग त्या म्हणाल्या, "जे दाखवून देतात त्यांची मजुरी त्यांना इथेच मिळते, असं प्रभूने सांगून ठेवलंय. आज टाळ्यांत माझी मजुरी मला मिळाली. पण माझं जाऊ दे. तू बोलत होतास तेव्हा तुझ्या अब्बांकडे बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. अब्बा तिसऱ्या रांगेत बसले होते. भर मांडवात, ऐंशी खोल्यांच्या देखत, त्यांना त्यांच्याच मुलाने सांगितलं होतं, की तुमच्या घरातली भाकरी दोन वर्षं दुसऱ्याच्या पैशाची होती.

श्रोतेहो, उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, हे येशूचं सांगणं आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. आपण त्याचा अर्थ देणाऱ्यापुरता घेतो. देणाऱ्याला गर्व होऊ नये, म्हणून गुपित. मावशींनी मला त्या रात्री उरलेला अर्धा अर्थ शिकवला. गुपित घेणाऱ्यासाठीही असतं. त्याची मान ताठ राहावी म्हणून. माझ्या अब्बांची मान नऊ वर्षं ताठ होती, ती मी खाली घातली.

अब्बा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मावशींशीही बोलले नाहीत. मग एका रविवारी, त्या चर्चहून आल्यावर, पक्कड घेऊन त्यांच्या दारात गेले. मोरीचा नळ बरेच दिवस गळत होता. अब्बांनी वायसर बदलला, नळ दोनदा सोडून बंद करून बघितला, हात पुसले आणि म्हणाले, "अब नहीं टपकेगा, बहनजी." मावशी म्हणाल्या, "चहा घेऊन जा." त्या विषयावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

मत्तयच्या त्या अध्यायात तीन गोष्टी ओळीने येतात. आधी दान, मग प्रार्थना, मग उपास. मी मुसलमान आहे. जकात, नमाज आणि रोजा ही माझ्याही धर्माच्या पायातली कामं आहेत, आणि तिन्हींत दिखावा आला की सगळं वाया गेलं, असं आम्हालाही बजावलेलं आहे. कयामतच्या दिवशी ज्या सात जणांना अल्लाहची सावली मिळेल, असं हदीसमध्ये सांगितलंय, त्यांत एक असा आहे, ज्याने इतकं गुपचूप दान केलं की उजव्या हाताने काय दिलं ते डाव्या हाताला कळलं नाही. तोच हात आणि तीच खूण. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला समोरासमोरच्या त्या दोन खोल्या आठवल्या. एकीत नमाज, एकीत प्रार्थना आणि मध्ये चार हातांचा पॅसेज.

उपासाचंही तसंच. रमजानमध्ये आम्ही पोरं एकमेकांना जीभ काढून दाखवायचो. जीभ पांढरी असेल तर रोजा खरा. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत मावशींचे उपास असायचे. पण ते कुणाला कळायचे नाहीत. डोक्याला तेल, वेणी नीट, तोंड धुतलेलं, आणि ड्युटीवर वेळेवर हजर. उपास केला तर तोंड सुतकी करून हिंडू नका, असं त्या अध्यायातच आहे. आमची जीभ बघून त्या हसायच्या आणि म्हणायच्या, "जीभ आत ठेवा रे. तिला आत ठेवणं हाच मोठा उपास."

सगळे धर्म एकच सांगतात, असं म्हणून हा विषय सोपा करायची माझी इच्छा नाही. फरक आहेत. मावशी देवाला बाप म्हणायच्या, आम्ही म्हणत नाही. येशू आम्हाला पैगंबर म्हणून वंदनीय आहे, त्यांना प्रभू म्हणून. यावर आमचं बोलणंही व्हायचं. त्या त्यांच्या जागी पक्क्या होत्या, मी माझ्या. पण दुसऱ्याच्या धर्मातलं शहाणपण घ्यायला आपला धर्म सोडावा लागत नाही. त्यासाठी शेजारी मात्र असावा लागतो.

आता पुन्हा दाराकडे येतो. दार लावून प्रार्थना करा, असं सांगितल्यावर येशू लगेच शिष्यांना प्रार्थना शिकवतो. जगभरचे ख्रिस्ती रोज म्हणतात ती. ती नीट ऐकली, तर एक गोष्ट लक्षात येते. तिच्यात 'मी' आणि 'माझं' कुठेच नाही. बाप आमचा, भाकर आमची, चुका आमच्या, क्षमा आम्हाला. माणूस खोलीत एकटा बसलाय, दार लावलेलं आहे, आणि बोलतोय मात्र सगळ्यांच्या वतीने. दार लावायचं ते बघ्यांसाठी. शेजाऱ्यांना तर आत घेऊनच बसायचं. मागायची तीही आजच्यापुरती भाकर. संपाच्या दिवसांत तांदळाच्या डब्याशी बसून मावशी पहाटे आमची भाकर मागायच्या, तेव्हा त्या 'आमची'मध्ये आमची खोलीही होती. नाहीतर त्या पगार झाल्यावर वाण्याकडे गेल्या नसत्या.

टिळकांनीही आयुष्याच्या शेवटी हेच करून बघितलं. १९१७ साली त्यांनी मिशनचं पगारी काम सोडलं आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांनी, १९१९च्या मे महिन्यात ते गेले आणि काम अपुरं राहिलं. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही अपुरं राहिलं होतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला लिहिणं-वाचणं नवऱ्याने शिकवलं, तिने त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. त्यासाठी वर्षानुवर्षं रोज बसावं लागलं असेल. भक्ती म्हटलं की आपल्याला साक्षात्कार आठवतात. रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी बसणं आठवत नाही. मावशींच्या पहाटेला साक्षात्कार होते की नाही, मला ठाऊक नाही. नेम होता, एवढं मी पाहिलं आहे.

मुंबईत देवाधर्माची वाण नाही. मंगळवारी सिद्धिविनायकाची रांग, बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये मेणबत्त्या, गुरुवारी मखदूमबाबांचा दर्गा, आणि तिन्हीकडे तिन्ही धर्मांची माणसं. हे चांगलंच आहे. पण उत्सव मोठे झाले, लाऊडस्पीकर मोठे झाले, आणि दान दिलं की त्याचा फलक लागू लागला. वह्या वाटल्या तरी वाटणाऱ्याचा फोटो मुखपृष्ठावर, आणि घेणाऱ्या मुलाला कॅमेऱ्याकडे बघायला सांगतात. त्या मुलाचे वडील कुठेतरी तिसऱ्या रांगेत बसलेले असतात.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या अंत्यविधीला मी गेलो होतो. बोलायला सांगितलं, तेव्हा हात जोडून नाही म्हणालो. मला बोलताना तिथे काहींनी ऐकलेलं होतं, त्यांना नवल वाटलं.

मग आज हे रेडिओवर का सांगितलं? दोन कारणं. अब्बाही आता नाहीत, आणि जाण्याआधी एकदा ते मला म्हणाले होते, "त्या बाईंचं लिही कधीतरी. नाव नको लिहू." दुसरं कारण ती नवी घरं. आम्हाला दारं मिळाली, चांगली जाडजूड, तीन-तीन कड्यांची. आयुष्यभर ज्यांना खोलीत एकट्याने बसायला जागा मिळाली नाही, त्यांना ती मिळाली. कपडे बदलायला भिंतीकडे तोंड करावं लागत नाही, आजाऱ्याला आडोसा आहे, मुलीला अभ्यासाला खोली आहे. याचा मला मनापासून आनंद आहे. चाळीच्या गरिबीचे गोडवे गाणाऱ्यांतला मी नाही. तिथे राहिलो आहे.

त्या दिवशी वहिनींनी निरोप देताना दार उघडं धरलं होतं. समोरचं दार तसंच बंद. मी म्हटलं, "वहिनी, बेल वाजवून बघायची का?" त्या थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, "आत्ता नको. आज शेवया केल्यात. संध्याकाळी वाटी घेऊन जाईन."

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)